लग्नांतील वाजंत्री व वेळ
(वाशीम जिल्ह्यांतील वधूवरांच्या पालकांपुढें केलेलें भाषण)



लग्नसराई तोंडावर आली आहे. मांडव, पंगत, आहेर यांविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज वाजंत्र्याविषयीं बोलणार आहों. विषय हलका वाटेल. पण पांच एकर कोरडवाहू सोयाबीनवर ज्या घरीं मुलीचें लग्न उभें राहतें, त्या घरच्या बापाला विचारा. डीजेचा आंकडा ऐकून त्याच्या पोटांत गोळा येतो, आणि लोक काय म्हणतील या भयानें तो मान हालवतो.

सत्यशोधक म्हणजे वाद्यांचा वैरी, असा समज कांहीं लोक पसरवितात. तो खोटा आहे. आमचे जलसे ढोलकी-तुणतुण्यावरच गांवोगांव उभे राहिले. जोतीरावांनीं १८८७ सालीं पूजाविधि छापला, त्यांत मंगलाष्टकें आहेत, आणि मंगलाष्टकें ही गाऊन ऐकविण्याचीच वस्तु. पुण्यास २४ सप्टेंबर १८७३ रोजीं समाज स्थापन झाला, व त्याच वर्षीं २५ डिसेंबरला भटाविना पहिलें लग्न लागलें. त्या पद्धतीचें मर्म काय? न कळणाऱ्या भाषेंत तिसऱ्यानें पुटपुटण्याऐवजीं वधूवरांनीं आपल्या भाषेंत, आपल्या तोंडानें वचन द्यावें. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रीजातीच्या हक्काचें बोलते व वर त्यास कबुली देतो. बोलणारे दोघे, ऐकणारा सारा गांव. साक्ष ती हीच. मग तें ऐकूंच आलें नाहीं तर भट घालवून आपण मिळविलें काय?

आतां वेळेचें पाहूं. पूर्वी वेळ जोशीबुवांच्या हातीं असे. घंगाळांतील पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवीत; बुडाला बारीक भोंक, तें २४ मिनिटांत भरून बुडालें कीं एक घटका झाली. बुवा पळें मोजीत बसत, 'सावधान'चा पुकारा होई, आंतरपाट सरे, आणि त्याच क्षणीं वाजंत्री कडाडे. मुहूर्ताचें थोतांड आम्हांस मान्य नाहीं. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: मंगलाष्टकें चालूं असतां तो सनईवाला सनई मांडीवर ठेवून बसे. केव्हां वाजवावें हें त्याला कळत होतें, आणि केव्हां गप्प बसावें हेंही.

आज घटिकापात्र गेलें. पत्रिकेवर मात्र '११ वाजून ४७ मिनिटें' छापलेलें असतें, आणि लग्न लागतें दोन वाजतां! भटाच्या हातून सुटलेली वेळ आपल्या हातीं यावयाची, ती डीजेवाल्याच्या हातीं गेली.

मालेगांव तालुक्यांतील एका लग्नास आम्ही मे महिन्यांत गेलों होतों. घर आपल्याच विचाराचें. लग्न सत्यशोधक पद्धतीचें. जानोशावरून परण्या निघाला. मारुतीच्या पारावरून मांडवापर्यंत वाट दोन फर्लांगांची, तिला दोन तास लागले. ऊन असें कीं घोडीचे पाय भाजत होते. मांडवांत लहान पोरें भुकेनें रडूं लागलीं. शेवटीं वधूवर उभीं राहिलीं, वचनें सुरू झालीं; पण डीजेची गाडी मांडवाच्या मागें तशीच दणदणत होती, कारण नाचणाऱ्यांचें मन भरलें नव्हतें. मुलीचे ओंठ हाललेले दिसले. आमच्या शेजारीं तिची आजी बसली होती. तिनें विचारलें, "पोरगी काय म्हणे जी?" आम्हांस सांगतां येईना. आम्हांलाही कांहीं ऐकूं आलें नव्हतें.

याच जिल्ह्यांत मानोरा तालुक्यांतील तांड्यांवर बंजारा समाजांत नवरीनें स्वतः ढावलो गाण्याची रीत आहे. सासरीं निघतांना त्या मुलीचा कंठ तांडा ऐकतो. स्वतःला सुधारलेले म्हणविणाऱ्या आपण मात्र आपल्या मुलीचा शब्द लोखंडी पेट्यांखालीं गाडतों.

मग करावें काय? परण्यासाठीं पाऊण तास पुरे. पंधरा मिनिटें चालण्याचीं, पंधरा पारावरचीं, पंधरा पोरांच्या नाचण्याचीं. नाचूं द्या, तरुणांच्या पायांवर आमचा राग नाहीं. मात्र पाऊण तास आधीं निघा, आणि परण्या मांडवाच्या दाराशीं येतांच वाद्य थांबेल हें सुपारी देतांनाच ठरवा. गाणीं कोणतीं लावावयाचीं हेंही तेव्हांच सांगा. दारूचीं व बायकोला धाकांत ठेवण्याचीं गाणीं वाजवीत यावयाचें, आणि दहा मिनिटांनीं समानतेचें वचन द्यावयाचें, हा कोणता न्याय?

अलीकडे नवरी मांडवांत येतांनाही गाणें लावतात. आम्हीं एका मांडवांत पावलें मोजून पाहिलीं. दारापासून बोहल्यापर्यंत चाळीस पावलें भरलीं. जड शालू नेसलेल्या मुलीस दीड मिनिट लागतें. गाणें पांच मिनिटांचें! म्हणून फोटोवाला तिला तीन ठिकाणीं देवीसारखी उभी करतो. यंत्रांतल्या गाण्याची लांबी ठरलेली असते, त्याला नवरी दिसत नाहीं. सनईवाल्याला दिसते. तो तिच्या पायाकडे पाहून स्वर लांबवितो, ती पोहोंचली कीं आवरतो. आम्ही सनई पसंत करतों तें जुन्याच्या प्रेमानें नव्हे, याकरितां.

कायदाही ऐकून ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. दिवसासुद्धां वस्तींत ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. डीजे तिच्या किती वर जातो हें खिडकीचीं तावदानें सांगतात.

पण सनई-डफडें बोलवा असें सांगतांना एक जुनी लाज झांकून चालणार नाहीं. आपल्या वऱ्हाडांत डफडें मातंग व महार बंधूंच्या गळ्यांत गांवानें अडकविलें होतें. तीन तास उन्हांत वाजवावें, आणि सर्वांच्या जेवणानंतर मांडवाबाहेर उरलेलें खावें, ही त्याची मजुरी. बाबासाहेबांच्या हाकेनंतर अनेक गांवीं महार बंधूंनीं तें डफडें खालीं ठेवलें, तें योग्यच केलें. आज जो वाजवितो तो कलावंत म्हणून वाजवील, गांवचा राबता म्हणून नव्हे. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मुकाट्यानें देतां, मग डफडेवाल्याशींच घासाघीस कां? मजुरी आधीं ठरवा, विसार द्या, बसावयास सावली द्या, आणि पहिल्या पंगतींत आपल्या शेजारीं पान मांडा. पत्रिकेवर चुलत-मावस मिळून दीडशें नांवें छापतां, कांहीं तर वाचणाऱ्याच्या ओळखीचींही नसतात. त्यांत सनईवाल्याचें एक नांव छापल्यानें कागद फाटणार नाहीं.

आम्हीं आमच्या बाजूचें सांगितलें. या सभेस चार वाजंत्री बंधु आले आहेत, ते मागें दाराशीं उभे आहेत. त्यांनीं पुढें येऊन बसावें, आणि लग्नघरचे लोक वेळ व मजुरी यांत त्यांना कसे फसवितात, तें त्यांच्याच तोंडून आपण ऐकूं.