शोल सरोवराकांठचें गांव

नळाची तोटी फिरवितांच भांड्यांत पाणी पडतें; तें कोणाच्या अंगणांतून आलें, हें शहरवासी सहसा विचारीत नाहींत. कॅनडांतील विनिपेग शहराच्या पाण्यामागें असें एक अंगण आहे. मॅनिटोबा व ऑण्टॅरिओ या प्रांतांच्या सीमेवर शोल नांवाचें सरोवर आहे. त्याच्या कांठीं ओजिब्वे लोकांची कांहींशें माणसांची वस्ती आहे. सरकारी दप्तरांत तिला ‘शोल लेक ४०’ असें रुक्ष नांव मिळालें. हे लोक स्वतःस अनिशिनाबे म्हणवितात. मासळी, शिकार आणि आपल्याकडील देवभातासारखें पाण्यांत आपोआप उगवणारें धान्य, यांवर त्यांच्या पूर्वजांचा चरितार्थ चाले.

विनिपेग झपाट्यानें वाढलें तेव्हां तेथील विहिरींचें पाणी अपुरें पडूं लागलें. १९०४ च्या सुमारास विषमज्वराची सांथही उसळली. शहरानें शोल सरोवराकडे दृष्टि वळविली. सुमारें ९६ मैलांचा काँक्रिटचा बंदिस्त कालवा बांधला गेला आणि १९१९ सालीं केवळ जमिनीच्या उतारानें सरोवराचें पाणी शहरांत पोंचलें. स्थापत्य म्हणून हें काम अप्रतिम, यांत संशय नाहीं. परंतु त्यासाठीं वस्तीची ३,००० एकरांहून अधिक जमीन सरकारनें शहरास दिली, ती रहिवाशांच्या संमतीवांचून. शिवाय फाल्कन नदीचें तांबूस पाणी कालव्याच्या तोंडाशीं येऊं नये म्हणून बांध घातला आणि तें पाणी वस्तीच्या बाजूस वळविलें. त्याकरितां खणलेल्या चरानें गांव मुख्य भूमीपासून तुटलें; त्याचें बेट झालें.

उन्हाळ्यांत नाव, हिवाळ्यांत गोठलेल्या सरोवरावरची वाट. आणि बर्फ धड घट्ट नाहीं, धड वितळलेंही नाहीं, अशा दिवसांत काय? बर्फ फुटून माणसें बुडालीं. १९९७ पासून पाणी उकळून पिण्याची ताकीद लागू झाली. पिण्याचें पाणी बाटल्यांतून बाहेरून येऊं लागलें. सरोवराच्या कांठीं ही तहान! शुद्धीकरणाचें केंद्र बांधावें, तर रस्त्यावांचून सामान नेण्याचा खर्च भारी.

२०१४ सालीं विनिपेग येथें मानवी हक्कांचें राष्ट्रीय संग्रहालय उघडलें. तेव्हां गांवकऱ्यांनीं आपल्या वस्तीसच ‘मानवी हक्कभंगाचें संग्रहालय’ म्हणून घोषित केलें आणि पाहुण्यांस तेथें बोलाविलें. उपरोध कडू खरा, पण तो वर्मीं लागला. २०१९ सालीं सुमारें १५ मैलांचा बारमाही रस्ता खुला झाला. त्यास लोक ‘स्वातंत्र्यमार्ग’ म्हणतात. रस्ता आल्यावर शुद्धीकरण केंद्रही उभें राहिलें आणि सप्टेंबर २०२१ मध्यें ती जुनी ताकीद उठली. ती लागली त्या वर्षीं जन्मलेलीं गांवचीं मुलें तोंवर चोवीस वर्षांचीं झालीं होतीं.