अंगणात गेलेली शाळा



 वंचित मुलांना शिकवणाऱ्यांनी आधी काय शिकावे, हा डहाणू तालुक्यात भरलेल्या या परिषदेपुढचा प्रश्न. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याचे उत्तर याच परिसरात शोधले.

1945 साली बोर्डीत बालवाडीचे काम सुरू झाले, पण वस्त्यांमधली मुले काही येईनात. येणार तरी कशी? आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. अंघोळ घालून, केस विंचरून मुलांना वेळेवर धाडायला घरी होते कोण? ताराबाईंनी मग बालवाडीच दलित वस्तीतल्या अंगणात नेली. नखे कापणे, केस विंचरणे हाही तिथे शिक्षणाचाच भाग. महागडी माँटेसरी साधने परवडत नव्हती. खडे, शिंपले, बिया आणि पाने कामी आली.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन यायची. तो रडू लागला की तिचा धडा तिथेच थांबायचा. तिथल्या विकासवाडी प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या, तेव्हा कुठे तिचे हात मोकळे झाले. हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहिणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताईंनी गैरहजेरीचे कारण शोधले.

आजच्या प्रशिक्षणांत नेमके हेच राहून जाते, ही परिषदेच्या स्वागत समितीची खंत आहे. सभागृहात स्लाइड दाखवायच्या, सह्या घ्यायच्या, प्रमाणपत्रे वाटायची. बीडच्या ऊसतोड मजुराचा मुलगा हंगाम संपल्यावर गावी परततो, तेव्हा त्याचा अभ्यास कुठून उचलायचा, हे त्यातून शिक्षकाला कळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क दिला आहे. तो हक्क प्रत्यक्षात उतरवणारा शिक्षक मात्र घडवावा लागतो.

महात्मा फुले यांनी 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे अशा शिक्षकांची मागणी मांडली होती. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवेत, शक्यतो शेतकरी वर्गातले हवेत आणि त्यांचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, असे त्यांचे म्हणणे. गरीब वस्तीत सर्वांत आधी पोहोचणारी अंगणवाडी सेविका आजही मानधनावरच राबते, हे या व्यासपीठावरून स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

आणखी एक विनंती. समारोपाच्या ठरावात शिक्षकांबरोबर शाळेतले लिपिक, वसतिगृहातल्या स्वयंपाकीण आणि शिपाई यांच्या प्रशिक्षणाचाही समावेश व्हावा. एका दाखल्यासाठी मुलाला हेलपाटे घालावे लागतात ते कार्यालयाच्या खिडकीशी, आणि घरच्या आठवणीने जेवण न गेलेली मुलगी सर्वांत आधी दिसते ती वाढणाऱ्या बाईला.