वर्षभर गावात राहून काय दिसतं?

(आपल्या महासंघाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'मानवशास्त्र' असं छापलंय. चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, "मॅडम, हे काय असतं? शाळेत तर नव्हतं आम्हाला." बरोबर आहे, नव्हतंच. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, हा त्याचा शेजारचा विषय. आणि आज तो तुमच्यापुढे आणायचं कारण एकच आहे. या शास्त्रातल्या लोकांनी ज्या गोष्टींचा खोलात जाऊन अभ्यास केलाय, त्यात बायकांची गटकर्जंही आहेत. म्हणजे तुमची-आमचीच गोष्ट.

आपल्याकडे माहिती विचारायला माणसं काही कमी येत नाहीत. टॅब घेऊन येतात, दारात बसतात, तासाभरात चाळीस प्रश्न. "घरात निर्णय कोण घेतं?" सासू शेजारी बसलेली, दीर उंबऱ्यात उभा. आपण काय सांगणार? "दोघं मिळून घेतो." झाली खूण. वर अहवालात जातं, अमुक इतक्या घरांत निर्णय दोघं मिळून घेतात. मी सर्वेक्षणाला नावं ठेवत नाही, किती घरांत नळ आहे हे मोजायला सर्वेक्षणच लागतं. पण काही गोष्टी तासाभरात कळत नाहीत, आणि विचारून तर मुळीच कळत नाहीत.

मानवशास्त्रज्ञ काय करतो, तर त्या गावात राहायला जातो. आठ दिवस नाही, वर्ष-दीड वर्ष. बोली शिकतो. पाणी भरायला, लग्नाला, मयतीला, बाजाराला बरोबर जातो आणि रात्री सगळं वहीत उतरवतो. लोक काय बोलतात आणि काय करतात, हे दोन्ही शेजारी ठेवून बघतो. आपल्याकडे नवी सून पहिल्या वर्षात जसं सासरचं घर ओळखते ना, तसंच काहीसं. कोण कोणावर रुसलंय, कोणाचा शब्द चालतो, डब्यात पैसे कुठे असतात, हे तिला कोणी सांगत नाही. तिला दिसतं.

पूर्वी हे लोक दूरच्या बेटांवर, जंगलांत जायचे. आता कर्ज, मोबाइल, निवडणूक, धरण, दवाखाना, सगळीकडे जातात. आपल्याच इरावती कर्वे घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचा त्यांनी जाई निंबकरांबरोबर अभ्यास केला आणि १९६९ साली तो छापला. त्याआधी त्या पंढरीच्या वारीत पायी चालल्या होत्या. दिंडीत सगळ्या जणी एका रांगेत चालतात, एकच अभंग म्हणतात, आणि मुक्कामाला मात्र ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. हे त्यांनी पाहिलं, त्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी तसं लिहिलंही. "वारीत जात पाळता का?" असं फॉर्मवर विचारलं असतं, तर काय उत्तर आलं असतं सांगा बरं.

बेटांवरचीही एक गोष्ट सांगते, कारण ती बायकांच्या पैशाची आहे. पापुआ न्यू गिनी या देशात ट्रोब्रियांड नावाची बेटं आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की नावाचे गृहस्थ तिथे राहिले. गावात राहून अभ्यास करायची पद्धत त्यांच्यामुळेच नावारूपाला आली. त्यांनी पुरुषांच्या देवाणघेवाणीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. शंखांचे हार, कोनफळासारखे कंद, होड्या. साधारण पन्नास वर्षांनी, १९७१ मध्ये, ॲनेट वायनर नावाची बाई तिथेच गेली. बायका तिला मयताच्या विधीला घेऊन गेल्या. तिथे बायकाच बायकांना वाळवलेल्या केळीच्या पानांच्या जुड्या वाटत होत्या, हजारोंनी. त्या जुड्या म्हणजे तिथल्या बायकांची संपत्ती. बायकोकडे जुड्या कमी पडल्या तर नवऱ्याला आपली चीजवस्तू देऊन तिच्यासाठी त्या मिळवाव्या लागत. म्हणजे सगळा व्यवहार पुरुषांनाही बांधून होता, तरी आधीच्या एवढ्या मोठ्या माणसाने त्याला महत्त्वच दिलं नव्हतं. आपल्याकडे लग्नातल्या आहेराची वही कोण ठेवतं, कोणाला किती परत करायचं हे कोणाच्या डोक्यात असतं, आठवा जरा. देशाच्या हिशोबात ती वही कुठेच नसते.

आता मुद्द्याची गोष्ट, गटकर्जाची.

बांगलादेशात ग्रामीण बँकेने गरीब बायकांना गट करून कर्ज द्यायला सुरुवात केली, हे तुम्ही प्रशिक्षणात ऐकलंय. २००६ साली तिला आणि मुहम्मद युनूस यांना नोबेल मिळालं. परतफेड ९५ टक्क्यांच्या वर, असं बँक सांगायची, आणि जगभर त्याचं कौतुक झालं. पण त्याच्या आधीच, १९९४-९५ मध्ये, अमिनुर रहमान नावाचा तिथलाच एक मानवशास्त्रज्ञ टांगाईल जिल्ह्यातल्या एका गावात जाऊन राहिला. गावाचं नाव त्याने पुस्तकात बदललंय. दर आठवड्याच्या बैठकीला तो बसायचा. आणि बैठक संपल्यावर त्या बायकांच्या घरी जायचा, तिथे त्याला खरं काय ते दिसलं.

त्याला दिसलं की कर्ज बाईच्या नावावर, पण बरेचदा पैसा वापरतो नवरा किंवा मुलगा. कागदावर म्हैस, प्रत्यक्षात दुसरंच काही. हप्त्याचा दिवस आला की बाई शेजारणीकडे हात पसरते, सावकाराकडे जाते, किंवा एक कर्ज फेडायला दुसरं काढते. वहीत हप्ता वेळेवर पडलेला असतो. वही खोटी नसते, पण तो हप्ता आला कुठून, हे वहीत नसतं.

त्याने बँकेच्या कर्मचाऱ्यांशीही ओळख वाढवली, हे मला विशेष वाटतं. नुसतं बायकांचं ऐकून तो थांबला नाही. बायकांनाच कर्ज का देता? जाहीर उत्तर होतं, बाईच्या प्रगतीसाठी. खासगीतलं उत्तर वेगळं होतं. बाई घरीच सापडते. बैठकीला वेळेवर येते. चारचौघांत बोलणं ऐकावं लागलं की तिला लाज वाटते, आणि ती गाव सोडून पळून जात नाही. वसुलीचा दबाव त्या कर्मचाऱ्यांवरही होताच. वरून साहेबाचा फोन, खाली बायकांची तोंडं. तेही पगारावर जगणारे.

नंतर १९९८-९९ मध्ये लामिया करीम ही मूळची बांगलादेशीच अभ्यासक तिथे वर्षभर हिंडली. तिने एकच नाही, अनेक कर्ज देणाऱ्या संस्था पाहिल्या. २०११ साली तिचं पुस्तक आलं. तिचं म्हणणं असं की हा सगळा कारभार बाईच्या अब्रूवर उभा आहे. एखादी थकली तर गटातल्याच बायका तिच्या दारात जायच्या. भांडी, कोंबड्या, नाकातली नथ उचलायची, आणि फारच झालं तर घराचे पत्रे उतरवून विकायचे. गावात त्याला 'घर मोडणं' असं नावच पडलं होतं. हे करणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. हिचा हप्ता भरल्याशिवाय आपल्याला पुढचं कर्ज मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

इथे काही जणी एकमेकींकडे बघतायत. बघू दे.

आपलं सगळं तसंच आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या गटात आपली स्वतःची बचत आहे, अंतर्गत कर्जाचं व्याज गटातच राहतं, दर आपण ठरवतो. हा फरक मोठा आहे. आणि बांगलादेशातही चित्र एकाच रंगाचं नव्हतं. नैला कबीर या अर्थतज्ज्ञ बाईंनी तिथल्या कर्जदार बायकांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? अनेकींनी सांगितलं, पैसा नवऱ्याने वापरला तरी तो माझ्या नावाने आला, म्हणून घरात माझा शब्द ऐकला जातो. मला हे पटतं. कर्ज कोणी वापरलं एवढ्यावरून बाईचं भलं झालं की वाईट, हे ठरवता येत नाही. पण म्हणूनच वसुलीची टक्केवारी बघून खूश होण्यातही अर्थ नाही.

मोबाइलचंही तसंच. केनियात २००७ पासून एम-पेसा नावाने साध्या फोनवरून पैसे पाठवता येतात. आपल्या फोन-पे, गुगल-पेच्या कितीतरी आधी. बँकवाले म्हणाले, वा, गरीब माणूस आता बँकेत आला. सिबेल कुसिम्बा नावाची मानवशास्त्रज्ञ तिथल्या पश्चिम भागातल्या घरांत जाऊन बसली, आणि कोण कोणाला पैसे पाठवतं याचे नकाशेच काढले. घरातलं प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, पैसे गेले की रेघ. बहुतेक ठिकाणी रेघा जमत होत्या त्या आई, आजी, बहीण यांच्यापाशी. फी, दवाखाना, मयत, सगळं त्यांच्यातून फिरत होतं. आपण घरी कागदावर असा नकाशा काढून बघायला हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे याच अंगाने एक साधी गोष्ट बघायची आहे. खातं माझ्या नावाचं, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा? पैसे आल्याचा मेसेज कोणाच्या खिशात वाजतो? ओटीपी कोण सांगतं? कागदोपत्री खातं १०० टक्के बाईचं असतं. आज घरी गेलात की पासबुक काढा आणि नंबर बघा. तुमचा नसेल, तर तो बदलायचा अर्ज बँकेत मिळतो. तो तुम्हीच भरायचा, पोराकडून नाही.

निवडणुकीवरही असा अभ्यास झालाय. मुकुलिका बॅनर्जी यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर वेगवेगळ्या ठिकाणी अभ्यासक बसवले. गरीब माणूस एवढ्या उन्हात रांगेत का उभा राहतो, हा प्रश्न. लोकांनी दिलेल्या उत्तरांत एक असं होतं की त्या रांगेत तेवढा वेळ सगळे सारखे असतात. वेळ कमी आहे, म्हणून हे एवढ्यावरच सोडते.

आता दोन कामं सांगते, मग बसते.

पहिलं. उद्या कोणी अभ्यासक तुमच्या गावात आला, तर त्याला हाकलू नका आणि लगेच सगळं ओतूही नका. त्याला विचारा. तुला कोणी पाठवलं? पैसा कोणाचा? आम्ही सांगितलेलं कोण वाचणार? आमचं आणि गावाचं नाव बदलणार का? आणि लिहून झालं की आम्हाला वाचून दाखवायला परत येणार का? चांगला मानवशास्त्रज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही, त्यांच्या शास्त्रातच नियम आहे की ज्यांचा अभ्यास करतो त्यांचं नुकसान होऊ द्यायचं नाही. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. अर्धं सांगून थांबायचाही आहे. आणि सासू शेजारी असेल, तर "ताई, उद्या शेतात ये, तिथे बोलू," हेही चालतं.

दुसरं काम आपलं आपणच करायचं. त्याला बाहेरचा कोणी लागत नाही. पुढच्या मासिक बैठकीत, हप्ते जमा झाल्यावर, इतिवृत्ताची वही मिटवून बाजूला ठेवा. सहयोगिनी असेल तर तिला म्हणा, ताई, दहा मिनिटं बाहेर बसा. मग प्रत्येकीने सांगायचं, या महिन्याचा माझा हप्ता आला कुठून. मजुरीतून, दुधातून, भावाकडून, दुसऱ्या फायनान्सवाल्याकडून, की सोनाराकडे काही ठेवून. कोणी लिहायचं नाही, कोणी हसायचं नाही, आणि तिथलं बोलणं पारावर जायचं नाही. एखादी गप्प बसली तर तिला टोचू नका, पण बैठक झाल्यावर दोघींनी तिच्या घरी चहाला जाऊन या. वसुलीला नव्हे, चहाला.

तीन-चार महिने असं केलंत की दोन-तीन घरं अशी दिसतील, जिथे हप्ता वेळेवर येतोय आणि घरात काही उरत नाहीये. त्या घरांसाठी मुदत वाढवायची, व्याज थांबवायचं, की गटाच्या निधीतून बाहेरचं महाग कर्ज आधी फेडायचं, हे ठरवायचा अधिकार तुमच्या गटाला आहे. ग्रामसंघातही हा विषय मांडता येईल, पण नाव न घेता.

अभ्यासकाला विचारायचे प्रश्न मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणलेत. जाताना सचिवांकडून झेरॉक्स घ्या. आता मागच्या रांगेतल्या मावशी मघापासून हात वर करतायत, आधी त्यांना बोलू द्या.