सरफोजी : नाव कुणाचे, गाव कुठले
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



नातवाच्या बारशाला मी 'सरफोजी' नाव सुचवले आणि घरात हशा पिकला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हे तर तमिळ नाव!" त्यांचेही काय चुकले? इथे सगळे 'सरबोजी'च म्हणतात.

पण नाव आपल्याकडचे आहे. मालोजी भोसल्यांना मूल नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला, दोन मुलगे झाले आणि पीराचेच नाव दोघांत वाटले गेले, शहाजी आणि शरीफजी, अशी परंपरा आहे. शरीफ म्हणजे अरबीत थोर, कुलीन. हे शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले.

पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला राजे झाले. त्यांनी आपल्या काकांचे नाव मुलाला दिले. जिभेवर घोळून शरीफजीचे सरफोजी झाले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे ते दुसरे सरफोजी (१७७७-१८३२). आणि गंमत पाहा, पंडितांनी त्यांना 'शरभेंद्र' केले. त्यांच्या नावाचा तमिळ वैद्यकग्रंथच आहे, 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ'. नगरच्या पीराचे नाव इथे येऊन शंकराच्या शरभ अवताराला मिळाले!

पुण्या-मुंबईकडे हे नाव आता सहसा कानावर येत नाही. आमच्याकडेही शेवटी 'आरव' ठरले, शाळेत सोपे म्हणून. मी मात्र सरफोजीच म्हणतो. आठ महिन्यांचा आहे. हाक मारली की वळून बघतो.