पोटातले सोबती, फुप्फुसांचे राखणदार

जून 2020 मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग चढवला होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची ही करामत!

असेच असंख्य जिवाणू आपल्या मोठ्या आतड्यात नांदतात. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी यांतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ॲसिटेट, ब्युटिरेट अशी द्रव्यं तयार होतात. त्यांतली काही रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथंच घडतात आणि पुढे फुप्फुसांत पहारा देतात. म्हणजे पोटातून निरोप जातो, छातीत पहारेकरी सावध होतात.

2011 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना प्रतिजैविकं दिली. आतड्यातले जिवाणू घटले, आणि फुप्फुसांची फ्लूशी लढण्याची ताकदही घटली. माणसांवर अभ्यास सुरू आहेत.

म्हणून साध्या सर्दीला मनानं प्रतिजैविकं घेऊ नका. विषाणूंवर ती चालत नाहीत. डॉक्टरांनी दिली, तर मात्र सांगितल्याप्रमाणेच घ्या. धाप लागली, ताप उतरेना, तर दवाखाना गाठा. आणि रोजच्या ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी असू द्या. पोटातले हे सोबती उपाशी राहता कामा नयेत.