गावची शाळा आणि आपण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने मागील पन्नास वर्षांचा हिशेब सांगावा अशी आपली रीत आहे. देऊळ कसे उभे राहिले, घंटा कोणी दिली, सिस्टरांनी शाळा कशी काढली, हे सारे ह्या स्मरणिकेत इतरांनी आमच्याहून चांगले लिहिले आहे. आम्ही मात्र आज अशा एका इमारतीविषयी बोलणार आहोत की जिचे नाव ह्या महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत कोठेही नाही. ती आपल्या देवळाच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि वयाने आपल्या धर्मग्रामाहूनही वडील आहे. ती म्हणजे आपल्या गावची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा.

आपल्यातील वडीलधारी माणसे अजून तिला ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. हे नाव उगीच पडलेले नाही. प्रत्येक मुलास शिक्षण मिळालेच पाहिजे, ही मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मांडली. नामदार गोखले यांनी त्याच हेतूने 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात बिल आणले, परंतु ते पुढील वर्षी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक बोर्डांच्या हाती आला. पुढे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा त्या शाळा परिषदांकडे गेल्या. आपली शाळा ठाण्याची होती, ती 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर पालघरची झाली. पाटीवरील नाव अनेकदा बदलले, परंतु अंगणात खेळणारी मुले ह्याच गावची राहिली.

ह्या शाळांचे ऋण आपल्या समाजावर किती आहे, हे निराळे सांगावयास नको. शेतावर राबणाऱ्या घरातील एखादा मुलगा व्हर्नाक्युलर फायनल पास झाला, की तो मास्तर होई, आणि त्याच्या पाठोपाठ त्या घराचे दिवस पालटत. आम्ही स्वतः अशाच एका शाळेत चौथीपर्यंत शिकलो. पावसाळा तोंडावर आला की फुटकी कौले बदलण्यास गावातील पुरुषमंडळी शिडी घेऊन येत. जमीन सारवावयाची असली की आया येत. त्या कामास कोणी समाजसेवा म्हणत नसे. आपले घर शाकारावे, तशी आपली शाळा शाकारावी, इतकाच साधा विचार त्यामागे असे.

आता आजची स्थिती पाहू. सकाळी आपल्या दारांवरून पिवळ्या बसगाड्या निघतात आणि आपली मुले इंग्रजी शाळांकडे जातात. त्याच वेळी गावच्या शाळेकडे पायी जाणारी मुले कोणाची असतात? वीटभट्टीवर व बांधकामावर आलेल्या मजुरांची, वाड्यांत भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीयांची, जव्हार-मोखाड्याकडून पोटासाठी खाली उतरलेल्या वारली व कातकरी बांधवांची, आणि आपल्यापैकी ज्या थोड्या घरांस फी परवडत नाही, त्यांची. घंटा होते, परिपाठ होतो, राष्ट्रगीत व प्रतिज्ञा होते. दुपारी खिचडीचा वास येतो. ही खिचडी लहानसहान गोष्ट नव्हे. शाळेत धान्य देण्याची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली, आणि शिजविलेले अन्नच द्यावे असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी केला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य ठरलेले आहे. काही मुलांचे दिवसातील पहिले पोटभर जेवण तेच असते.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगतो. ह्या धर्मग्रामात येऊन आम्हांस काही वर्षे झाली होती. तितक्या काळात आम्ही त्या शाळेची पायरी फक्त पंधरा ऑगस्टला व सव्वीस जानेवारीला चढलो. झेंड्यास वंदन करावे, खुर्चीवर बसावे, श्रीफळ घ्यावे आणि परत यावे, एवढाच आमचा संबंध. एका जुलै महिन्यात पावसाने कहर केला असता शाळेच्या बाई वीस-पंचवीस मुलांना घेऊन देवळाच्या ओसरीत आल्या. वर्गात पाणी गळत होते. आम्ही विचारले, “बाई, हे कधीपासून?” त्या म्हणाल्या, “फादर, हा तिसरा पावसाळा.” त्यांच्या शब्दांत तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले. कारण ते छप्पर आमच्या खोलीच्या खिडकीतून रोज दिसत होते.

त्यानंतर आम्ही चौकशी केली. शाळेस व्यवस्थापन समिती असते असे कळले. तिच्या सभासदांच्या नावांत एक नाव ओळखीचे निघाले. आपल्याच आळीतील, मोलमजुरी करून दोन मुलांना वाढविणाऱ्या एका माउलीचे. आम्ही तिला विचारले, “तुम्ही समितीवर आहात ना?” ती गोंधळली. म्हणाली, “फादर, समिती म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. वही आली, अंगठा मागितला, मी दिला.” प्रथम आम्हांस हसू आले, मग फार लाज वाटली. तिला न सांगता अंगठा घेणारा चुकला हे खरे. परंतु दर रविवारी ती आमच्यापुढे बसत असता आम्ही तरी तिला काय सांगितले होते?

म्हणून जे तेव्हा सांगावयास हवे होते, ते आज सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यान्वये सरकारी व स्थानिक संस्थांच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात चारांपैकी तीन सभासद मुलांचे आईबाप वा पालक असले पाहिजेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित घरांतील पालकांस त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा दिली पाहिजे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे, आणि आलेले अनुदान कोठे खर्च होते हे पाहणे, ही ह्या समितीची कामे होत. म्हणजे गळके छप्पर आराखड्यात लिहिण्याचा अधिकार त्या अंगठा देणाऱ्या माउलीस होता. तो तिच्या हाती होता, परंतु तिला दिसत नव्हता.

आणखी दोन गोष्टी ध्यानात धराव्या. पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षात दोनशे दिवस, आणि सहावी ते आठवीस दोनशेवीस दिवस शाळा भरली पाहिजे. जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका ह्यांखेरीज शिक्षकांस अन्य बाहेरचे काम लावू नये, असेही कायदा म्हणतो. तेव्हा गुरुजी वर्गात दिसले नाहीत, की लगेच त्यांस दोष देण्यापूर्वी त्यांना कोठे धाडले आहे, हे विचारावे. पुष्कळदा शिक्षक हा आपला प्रतिपक्षी नसून आपल्याइतकाच एकटा पडलेला मनुष्य असतो.

आपल्यापैकी कित्येकांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, आणि नातवंडे तेथील सार्वजनिक शाळांत जातात. तेथे काही गावांचा किंवा एखाद्या शहराचा मिळून शाळांचा एक जिल्हा असतो. असे सुमारे तेरा हजार जिल्हे त्या देशात आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचे कारभारी मंडळ तेथील रहिवासी मते देऊन निवडतात, खर्चाचा मोठा वाटा घरपट्टीसारख्या स्थानिक करांतून येतो, आणि मंडळाच्या सभेस कोणीही जाऊन बसू शकतो. ही वृत्ती तेथे जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1647 सालीच कायदा केला, की पन्नास घरांच्या गावाने लिहिणेवाचणे शिकविणारा एक शिक्षक ठेवलाच पाहिजे. त्या व्यवस्थेत दोष नाहीत असे नव्हे. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत व गरीब वस्तीची गरीब राहते, ही तेथील जुनी तक्रार आहे. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शाळेचा विषय निघाला की तेथील सामान्य मनुष्य ‘त्यांची शाळा’ असे न म्हणता ‘आमची शाळा’ असे म्हणतो.

येथे कोणी म्हणेल, “फादर, आमची मुले त्या शाळेत नाहीत, मग आम्हांस त्याचे काय?” हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे देतो. आपल्या मुलास कोणत्या शाळेत घालावे, हे ठरविण्याचा हक्क आईबापांचा आहे. त्याबद्दल आम्ही कोणासही दोष देत नाही. परंतु आपल्या निवडीचा भार कोणावर पडतो, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलापासून तिसरा शिक्षक, असे कायद्याचे माप आहे. म्हणजे एकसष्टांतून एक मूल निघाले, की तिसऱ्या शिक्षकाची जागा अडचणीत येते. जे मूल गेले त्याचे कदाचित बरे होईल, परंतु जी साठ मागे राहिली त्यांच्या वाट्यास पाच इयत्ता आणि दोन शिक्षक येतात. बोलक्या, लिहित्यावाचत्या घरांनी पाठ फिरविली, की शाळेच्या वतीने भांडणारे कोणी उरत नाही. जे उरतात, त्यांना महिन्याच्या सभेस येण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

ख्रिस्तसभेची शिकवणही ह्याविषयी स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात आईबाप हेच मुलांचे आद्य शिक्षक होत असे सांगितले आहे. त्याचबरोबर, जी मुले आपल्या शाळांबाहेर शिकतात, त्यांच्याविषयीही ख्रिस्तसभेने विशेष आस्था बाळगावी असे त्यात म्हटले आहे. आपण आपल्या शाळांचा अभिमान जरूर धरावा. परंतु त्या अभिमानाने शेजारच्या अंगणाकडे पाहण्याची दृष्टीच जात असेल, तर तो अभिमान तपासून पाहिला पाहिजे.

मग करावयाचे काय? आम्ही चारच गोष्टी मागतो. पहिली, समितीची सभा कामकरी पालकांच्या सोयीने संध्याकाळी भरावी अशी विनंती मुख्याध्यापकांस करावी, आणि ज्यांना वाचता येते त्यांनी, ज्यांना येत नाही त्यांच्याशेजारी बसून कागद वाचून दाखवावा. त्यांच्या खुर्च्या आपण बळकावू नयेत. त्या त्यांच्याच आहेत. दुसरी, मुलांस वाढण्यापूर्वी खिचडी चाखण्यास आयांनी पाळीपाळीने जावे. जेथे आई चाखते, तेथे स्वयंपाक करणारीचा हातही सावध राहतो. तिसरी, दिवाळीनंतर नवी मजूर कुटुंबे येतात, तेव्हा त्यांची मुले शाळेत गेली की नाही हे आळीआळीने पाहावे. जन्माचा दाखला नाही, किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्या कारणाने त्यांस प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यांच्या आईबापांस सांगावे. चौथी, आणि हीवर आमचा विशेष भर आहे, तेथे जाताना गावकरी म्हणून जावे. ती सर्व धर्मांच्या मुलांची शाळा आहे. तेथे आपण काही पटविण्यास जावयाचे नसून पाणी, छप्पर आणि पाटी-पुस्तक पाहण्यास जावयाचे आहे.

हे होण्यासारखे आहे काय? थोडेसे झाले आहे, म्हणून म्हणतो. आपल्या दोन निवृत्त गुरुजींनी गेल्या दोन वर्षांत समितीबरोबर बसून आराखडा लिहिला, अर्जामागून अर्ज केले, अनेक हेलपाटे घातले. एक पावसाळा तसाच गेला. दुसऱ्या वर्षी अर्धे छप्पर नवे झाले. उरलेले अर्धे अजून गळते. येत्या मिरगापूर्वी ते व्हावे अशी खटपट चालू आहे, आणि तीत आपणा सर्वांचा हात हवा आहे. महोत्सवासाठी आपण उदार हाताने देणग्या दिल्या आहेत. आम्ही आज आणखी पैसे मागत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ मागतो.

शेवटी त्या माउलीविषयी सांगतो. मागील सभेत वही तिच्यापुढे आली, तेव्हा तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, “आधी वाचून दाखवा, मग अंगठा देते.” बाईंनी संपूर्ण पान वाचले. एका ठिकाणी तिने थांबविले आणि पाण्याची टाकी त्यात लिहिलेली नाही, हे दाखवून दिले. टाकी लिहिली गेली, मग तिने अंगठा दिला. पुढील सभा येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेत आहे. आम्ही तेथे असू. आपणही यावे, ही विनंती करून आपली रजा घेतो.