पाळण्यातील हृद्रोग

(कृष्णाकाठच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



कोलेस्टेरॉल हा तुपाचे डबे रिचवणाऱ्यांचा विकार, ही समजूत सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांतही घट्ट आहे. ती आधी टाकून दिली पाहिजे. माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात बाजरीच्या भाकरीवर जगणाऱ्या घरीही रक्तात घातक कोलेस्टेरॉल घेऊनच मूल जन्माला येऊ शकते.

यकृताच्या पेशींवर हे कोलेस्टेरॉल रक्तातून ओढून घेणारी ग्राहके असतात. या शोधासाठी ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून सदोष जनुक आलेला माणूस अडीचशे-तीनशेंत एक आढळतो. दोघांकडूनही तो आलेले मूल जगात सुमारे तीन लाखांत एक. पण हा हिशेब जेथे सोयरीक परक्या घरी होते तेथला. मामाची मुलगी करण्याची चाल या मुलखात अजून मोडलेली नाही. पणजोबांचा एकच दोष लेक आणि लेकी अशा दोन वाटांनी उतरून पणतवंडात एकत्र येऊ शकतो. प्रतिसरकारच्या काळात येथे गांधी विवाह लागले, मानपानाला तडा गेला; नात्यातील सोयरीक तेवढ्याने सुटली नाही. जमीन घरात राहावी, मुलगी ओळखीच्या उंबऱ्यात पडावी, या असुरक्षिततेतून ती चाल टिकते. तिची टवाळी करून काही साधणार नाही.

अशा मुलाच्या गुडघ्यावर, कोपरावर, टाचेमागे पिवळसर गाठी येतात. घरचे त्यांना चामखीळ समजतात, मलम लावतात. उपचार न झाल्यास ऐन पोरवयात हृदयाच्या धमन्या बुजतात, आणि मग लोक नशिबाला बोल लावतात.

नाळेच्या रक्तावरून निदान भरवशाचे होत नाही. वर्षानंतरची साधी रक्ततपासणी पुरते. आईबापांचेही रक्त तपासावे. स्लोव्हेनियासारख्या छोट्या देशात पाच वर्षांच्या मुलांची अशी तपासणी १९९५ पासून होते. येथे २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीपर्यंत पोहोचतात, पण त्यांच्या तीसेक विकारांच्या यादीत हा विकार नाही.

आईचे दूध तोडू नये. दोष दुधात नसतो. एकाच बाजूने दोष असलेल्या मुलास आठ-दहा वर्षांपासून स्टॅटिन देतात, दोन्ही बाजूंनी असल्यास निदान होताच फार लवकर. ग्राहके मुळीच नसतील तर गोळी अपुरी पडते. मग यंत्राने रक्त गाळणे किंवा यकृतरोपण, म्हणजे मोठ्या शहराची वाट व कर्ज. स्टॅटिन भारतात स्वस्त झाली ती १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. २००५ साली तो बदलला, आणि नंतरची नवी इंजेक्शने गरिबाच्या आवाक्याबाहेर राहिली.

निदान नात्यातील विवाहाच्या किंवा तरुणपणी हृदयविकाराने माणूस गेलेल्या घरांतील मुलांचे रक्त, सोळा ते चोवीस महिन्यांच्या लसीच्या वेळीच, प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासले जावे. हा ठराव दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्यांपुढे नेणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम, आणि आशाताईंना त्या पिवळ्या गाठी ओळखावयास शिकवणे हे दुसरे.